आडनाव म्हणजे वंशावळ नव्हे

आडनाव कळले की माणसाचे मूळ कळते, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. मोरे म्हणजे मौर्य, कदम म्हणजे कदंब, साळुंखे म्हणजे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, पवार म्हणजे परमार. शेवटी ‘कर’ असला की त्या गावचा मूळ रहिवासी. ‘पाटील’ किंवा ‘देशमुख’ असला की अमुकच जातीचा. आणि दोघांचे आडनाव एक निघाले की दोघे एका रक्ताचे. घराण्यांचे कुलवृत्तांत, ज्ञातिमेळाव्यांच्या स्मरणिका आणि हल्ली रोज सकाळी मोबाइलवर येऊन पडणारा ‘जाणून घ्या आपल्या आडनावाचा इतिहास’ छापाचा मजकूर, या सगळ्यांत हाच सिद्धान्त ठासून सांगितलेला असतो.

हा समज केवळ हौशी मंडळींचा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ग्रामनामे, व्यक्तिनामे आणि आडनावे यांची मुळे संस्कृतात शोधण्याचा मोठा उद्योग केला. चिं. वि. वैद्यांनी मराठा कुळांचा धागा प्राचीन क्षत्रिय घराण्यांशी नेऊन जोडला. त्यांच्या मांडणीत काहीच तथ्य नव्हते, असे म्हणणे कोतेपणाचे होईल. ‘यादव’चा ‘जाधव’ होतो, कारण शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे हा प्राकृताचा नियमच आहे. ‘शिलाहार’चा ‘शेलार’ होण्यातही भाषाशास्त्राला काही खटकणारे नाही. माझा वाद त्या व्युत्पत्तीशी नाही, तिच्यावरून मारलेल्या उडीशी आहे. शब्द राजघराण्यापासून आला म्हणून माणूसही राजघराण्यातूनच आला, हे कुठे सिद्ध झाले? राजाचे नाव त्याच्या मुलांना मिळते, तसेच त्याच्या सरदारांना, आश्रितांना आणि रयतेलाही मिळू शकते. शब्दाचा प्रवास एका वाटेने होतो, रक्ताचा दुसऱ्या. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे: आडनाव ज्या काळी पक्के झाले, त्या काळी ते घर कुठे राहत होते, काय काम करत होते, कोणाच्या पदरी होते किंवा शेजारी त्याला काय म्हणत होते, एवढेच आडनाव सांगते. त्याच्या मागे ते जात नाही. हे तपासून पाहायला पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा सापडणे कठीण, कारण माणसांची नावे लिहून ठेवण्याची इथली परंपरा दोन हजार वर्षांची आहे.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती झिजून गेल्या, पण त्यांच्या वर कोरलेली नावे राहिली: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिर. जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत तर दानशूरांची रांगच आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह खोदवणारा सुलसदत स्वतःची ओळख ‘कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा’ अशी देतो. शिवनेरीच्या चैत्यगृहाचा दाता वीरसेनक स्वतःला गृहपतिप्रमुख म्हणवतो. मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आपले वत्स गोत्र सांगतो आणि ४६ हे वर्ष नोंदवतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणेही इथे आहे. गाव, धंदा, बाप, गोत्र, हुद्दा, श्रेणी ही पुढे मराठी आडनावांत उतरलेली बहुतेक सगळी सामग्री इथे खडकावर हजर आहे. नाही ते एकच, वंशपरंपरेने पुढे जाणारे आडनाव. सुलसदताचा नातू ‘कल्याणकर’ झाला नाही. ही ओळख त्या माणसाची, त्या दानापुरती होती.

याच लेण्यांत तीन यवन दाते आहेत. एकाचे नाव इरिल, दुसऱ्याचे चिट, तिसऱ्याचे चंद. इरिल हे नाव कानाला परके वाटते, पण चंद? त्याच्या नावाआधी ‘यवन’ हा शब्द कोरलेला नसता, तर हा माणूस या मातीतला नाही अशी शंकासुद्धा कोणाला आली नसती. नाव ऐकून मूळ सांगणाऱ्यांना जुन्नरच्या डोंगराने दिलेला हा पहिला इशारा आहे.

दुसरा इशारा दीड हजार वर्षांनंतरचा. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सत्तेपासून फुटून जुन्नरला स्वतंत्र कारभार मांडला. अहमदनगर वसले ते त्यानंतर. या निजामशाही घराण्याला ‘बहिरी’ असे उपनाम होते. फारसीत बहिरी म्हणजे ससाणा. शब्दार्थावर जाणारा लगेच सांगेल की घराण्यात शिकारी ससाणे पाळण्याचे काम असणार, आणि तशी एक समजूत प्रचलित होतीच. फरिश्ता मात्र वेगळी हकीकत देतो. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, बापाचे नाव भैरव. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागून तो मुसलमान झाला आणि राजपुत्राबरोबर वाढला. बापाच्या नावावरून त्याला ‘हसन भैरू’ म्हणत. राजपुत्राच्या तोंडी त्याचे ‘बहिरी’ झाले. फरिश्त्याचे ऐकले तर या ‘ससाण्या’च्या मुळाशी आपल्या गावोगावच्या वेशीवरचा भैरवनाथ बसला आहे. नाव आधी घडते, अर्थ मागाहून चिकटवला जातो, याचे इतके चपखल उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आता आडनावांकडे येऊ. कुळीचा अभिमान बाळगणाऱ्यांना सर्वांत प्रिय कथा गायकवाडांची. बडोद्याचे गायकवाड मूळचे आंबेगावशेजारच्या खेड तालुक्यातल्या दावडीचे. कसायापासून पळालेल्या गाईंना त्यांच्या पूर्वजाने कवाड उघडून आत घेतले, म्हणून गायकवाड, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. एका घराण्यापुरती ती खरी आहे असेही क्षणभर धरू. पण कॅप्टन मॅकिंटॉशने १८३६ च्या सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावरच्या महादेव कोळ्यांची माहिती लिहिली, तीत त्यांच्या चोवीस कुळांची यादी आहे. पुढे इलाख्याच्या गॅझेटियरांनीही ती घेतली. या यादीत गायकवाड आहेत. पवार, चव्हाण, कदम, जगताप, दळवी, भोसले, सूर्यवंशीही आहेत. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आजही हा समाज मोठ्या संख्येने राहतो. गायकवाड मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कित्येक जातींत आहेत. त्या सगळ्यांच्या पूर्वजांनी एकाच गोठ्याचे कवाड उघडले होते काय?

यावर ठरलेले उत्तर येते: हे सगळे मूळचे एकच, पुढे जाती वेगळ्या झाल्या, किंवा खालच्यांनी वरच्यांची आडनावे उचलली. पहिल्या उत्तराला पुरावा नाही. दुसरे उत्तर माझ्याच बाजूचे आहे, हे ते देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आडनाव उचलता येत असेल तर ते रक्ताचा दाखला कसे ठरेल? आणि उचलाउचल फक्त खालून वर होते, हेही खोटे. १७०७ मध्ये शाहू महाराज दक्षिणेत परतत असताना पारद गावच्या लढाईनंतर लोखंडे पाटलांचा एक मुलगा त्यांच्या पदरी आला. महाराजांनी त्याला मुलासारखे वाढवले आणि राणोजी लोखंड्याचा फत्तेसिंह भोसले झाला. अक्कलकोटचे राजघराणे त्याचे. हे भोसले कागदोपत्री, मानमरातबाने, सर्वार्थाने भोसले होते आणि रक्ताने लोखंडे होते. छत्रपतींच्या आडनावाच्या बाबतीत जर हे घडू शकते, तर गावोगावच्या दत्तकपत्रांनी किती आडनावे फिरवली असतील याचा अंदाज बांधता येतो.

हुद्द्यावरून आलेल्या आडनावांची गत आणखी स्पष्ट आहे. नाना फडणवीस हे आडनावाने भानू; फडणिशी हे काम. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिधये. देशमुखीचे वतन आले आणि सिधये मागे पडले. चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू, विलासराव देशमुख मराठा, लोकहितवादी चित्पावन. ‘देशमुख’ ऐकून जात सांगणारा तीनपैकी दोनदा तरी चुकणार. चिटणीस, सबनीस, पोतनीस, मुजुमदार, दफ्तरदार, किल्लेदार ही आडनावे तर फारसी दप्तरातून आली. म्हणून ती धारण करणारी माणसे इराणातून आली, असे कोणी म्हणत नाही. मग मोरे मगधातून आले असे मात्र आपण बेधडक का म्हणतो?

पाटीलकी हे आपल्या भागातले सर्वांत मानाचे वतन. वळसे-पाटील, आढळराव-पाटील ही आंबेगावच्या राजकारणातली जोडआडनावे साऱ्या राज्याला माहीत आहेत. जोडाचा पहिला भाग घराचा, दुसरा कामाचा. पण पाटीलकी वंशपरंपरेची असली तरी ती विकत घेता येत असे. अर्धी पाटीलकी विकल्याची, कर्जापोटी दिल्याची, मानपानावरून भांडण होऊन वाटून घेतल्याची कागदपत्रे मराठेशाहीत मुबलक आहेत. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद गेले आणि गावोगावी आडनाव तेवढे शिल्लक राहिले. आज ‘पाटील’ या आडनावावरून एवढेच म्हणता येते की त्या घराचा केव्हातरी त्या वतनाशी संबंध आला होता. तो जन्माने आला, खरेदीने की लग्नसंबंधाने, हे आडनाव सांगत नाही.

‘कर’ प्रत्ययाबद्दलचा गैरसमज सर्वांत पक्का आणि सर्वांत गमतीचा. गावाच्या नावाला ‘कर’ लागला की माणूस त्या गावचा, इथवर ठीक. पण जुन्नर-आंबेगावात शेती करून राहिलेल्या घरांची आडनावे पाहा: भोर, थोरात, डुंबरे, हिंगे, बाणखेले, बेनके, पडवळ, पश्चिमेला भालचिम, केंगले, शेळकंदे, असवले, तळपे. ‘कर’वाले यात विरळ. कारण उघड आहे. नारायणगावात राहणाऱ्याला ‘नारायणगावकर’ म्हणून कोणाची ओळख पटणार? तिथे सगळेच नारायणगावचे. गाव सोडून बाहेर पडलेल्यालाच गावाचे नाव लागते. ‘कर’ हा राहणाऱ्याचा नव्हे, निघून गेलेल्याचा प्रत्यय आहे. नीरेकाठच्या होळचे मल्हारराव होळच्या बाहेर पडले म्हणून होळकर झाले.

याचे आपल्या तालुक्यातले सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे विठाबाई नारायणगावकर. विठाबाईंचे वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तमाशाफड. घराचे आडनाव खुडे. फड मात्र ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने ओळखला जाई, म्हणजे जाहिरातीतच जात आणि गाव दोन्ही. फड जत्रेजत्रेत फिरला, मुक्कामागून मुक्काम पडले आणि लोकांच्या तोंडी गाव राहिले. विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला तो नारायणगावकर म्हणून. २००६ पासून राज्य शासन तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देते तोही याच नावाने. विठाबाईंचा जन्म झाला पंढरपूरला. तेव्हा ‘नारायणगावकर’ यातून जन्मगाव कळत नाही, मूळ आडनाव कळत नाही, जातही कळत नाही. कळते ते इतकेच की या कलावंतांचा तळ कुठे होता. तमाशातली बहुतेक मोठी नावे अशीच घडली: खेडकर, धवळपुरीकर, कवलापूरकर. फिरस्तीच्या धंद्याने दिलेली ही आडनावे आहेत.

‘कर’वरून जात किंवा धर्म ओळखू म्हणणाऱ्यांनी कोकणातल्या बेने इस्रायलांकडे बघावे. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर. हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या हाइम सॅम्युएल केहीमकरांच्या नावात पहिली दोन नावे हिब्रू आणि तिसरे अलिबागजवळच्या गावाचे. आंबडव्याच्या सकपाळांचे आंबेडकर झाले, मंगेशीच्या अभिषेक्यांचे मंगेशकर झाले. एकच प्रत्यय ब्राह्मणाला, दलिताला आणि ज्यूला सारखाच लागतो. तो भेद पाळतच नाही, मग त्याच्यावरून आपण भेद कसा वाचणार?

कधीकधी तर उलटेच घडते: गावावरून आडनाव येण्याऐवजी आडनाव गावाला जाऊन चिकटते. महाळुंगे नावाची गावे एकापेक्षा जास्त, म्हणून आंबेगावातले महाळुंगे पडवळ आणि खेडमधले महाळुंगे इंगळे. केवळ शब्दकोश हाती घेऊन बसणारा इथे पडवळाच्या वेलीपाशी अडकेल.

याच महाळुंगे पडवळचा एक तरुण मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेली मोटार अडवताना तिच्याखाली येऊन तो हुतात्मा झाला. उभा महाराष्ट्र त्याला बाबू गेनू म्हणतो. चौकांना, मंडळांना, शाळांना हेच नाव आहे, आणि कित्येकांना गेनू हे त्याचे आडनाव वाटते. गेनू हे बापाचे नाव. ज्ञानोबाचा ग्यानबा, ग्यानबाचा ग्यानू, ग्यानूचा गेनू. आडनाव आहे सैद. आता आडनावावरून धर्म ठरवणाऱ्याने सैद या शब्दाचे काय करायचे? कान लगेच ‘सय्यद’कडे धाव घेतो, घर मात्र हिंदू शेतकऱ्याचे. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९३० सालीसुद्धा आंबेगावच्या एका कष्टकऱ्याची ओळख नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर पुरी होत होती. आडनाव होते, पण त्याची कोणाला गरज पडली नाही. जिथे आडनाव इतके दुय्यम होते, तिथे त्याच्यावर हजार वर्षांच्या वंशाचा इमला उभारणे धाडसाचे आहे.

यावरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. त्यांच्या मते आडनावे ही मुळी इंग्रजांची देणगी. त्याआधी आपल्याकडे ती नव्हतीच. हेही टिकत नाही. शिवकालीन कागदांत मावळच्या देशमुखांची जेधे, बांदल, मरळ, शिळीमकर, पायगुडे ही आडनावे जागोजाग येतात. पण कोणाची येतात ते पाहिले पाहिजे. ज्याला वतन होते, हक्क सांगायचा होता, त्याचे आडनाव कागदावर आले. बाकीचे ‘अमुक बिन तमुक’, त्यापुढे कुंभार, सुतार, महार. गोतसभेच्या महजरावर पाटलाच्या नावाखाली नांगर, शेट्याच्या नावाखाली तराजू, न्हाव्याच्या नावाखाली आरसा अशी निशाणी काढत. धंदा हीच सही होती. इंग्रजी अमलाने आडनावे निर्माण केली नाहीत. वतनदारांपुरती असलेली गोष्ट सर्वांना सक्तीची केली आणि ती गोठवली. जमिनीची मोजणी, खातेवही, शाळेचा दाखला, पलटणीची भरती, कोर्टाचे समन्स, गिरणीचे मस्टर, सगळीकडे तिसऱ्या नावाचा रकाना आला. रकाना भरायचा म्हणून कोणी गाव सांगितले, कोणी धंदा, कोणी भावकीतले रुळलेले टोपणनाव, तर कोणी गावच्या पाटलाचे आडनाव.

आडनावे शुद्ध वंशवाचक असली तर काय होते, तेही एका दूरच्या देशात बघून घेऊ. आयर्लंडची जुनी आडनावे अर्थानेच वंशावळी आहेत: ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. १०१४ मध्ये लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ते ओब्रायन. आपल्या समजाला याहून अनुकूल भूमी नाही. पण तिथलेच सर्वांत जास्त आढळणारे आडनाव मर्फी. अर्थ ‘मुरखा नावाच्या माणसाचे वंशज’. हे मुरखे अनेक होते, त्यामुळे एकमेकांशी नाते नसलेली मर्फी घराणी वेगवेगळ्या भागांत स्वतंत्रपणे उभी राहिली. पुढे १४६५ मध्ये इंग्रजी अमलाखालच्या भागात कायदा झाला की आयरिश माणसांनी इंग्रजी आडनावे घ्यावीत: एखाद्या शहराचे नाव, एखादा रंग, एखादे कसब किंवा एखादा हुद्दा. आपली जुन्नरकर, काळे, सुतार, कुलकर्णी ही चार खणांची मांडणी तिकडे सरकारी हुकमाने आली. ज्या देशात आडनावाचा शब्दार्थच ‘अमक्याचा वंशज’ असा आहे, तिथेही एक आडनाव म्हणजे एक वंश हे समीकरण जुळत नाही. गावे, हुद्दे, धंदे, टोपणनावे यांवर उभ्या राहिलेल्या मराठी आडनावांत ते जुळेल कुठून?

मग वंश ओळखण्याची आपली रीत कोणती होती? ती होती, आणि आडनावापेक्षा कितीतरी पक्की होती. सोयरीक जुळवताना आपल्या आज्या-पणज्या आडनावापाशी थांबत नसत, देवक विचारत. पाच पालवी, वड, उंबर, कळंब, मोराचे पीस. देवक एक असेल तर आडनावे वेगळी असूनही लग्न होत नसे. आडनाव एक पण देवक वेगळे असेल तर वाट मोकळी. ब्राह्मणांत हेच काम गोत्र-प्रवराने केले. ज्या रिवाजाने शतकानुशतके नात्यागोत्याची राखण केली, त्याने आडनावाला कधीच शेवटचा पुरावा मानले नाही. एन्थोव्हेनने १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध केलेल्या जातिविषयक ग्रंथात ही देवके घराण्यांच्या नावांसह नोंदली आहेत. कदमांच्या घरी कळंबाची डहाळी देवकाला असेल, तर कदंब राजांच्या बनवासीला जाण्याआधी निदान त्या झाडाखाली तरी थांबायला हवे.

व्यक्तिनामांनाही हाच न्याय. दगडू, धोंडू, केरू, भिकू या नावांचा कोशातला अर्थ घेतला तर आईबापांनी मुलांची थट्टा केली असे वाटेल. प्रत्यक्षात आधीची मुले दगावलेल्या घरांत दृष्ट लागू नये म्हणून ही नावे मुद्दाम ठेवत. ज्याला जिवापाड जपायचे त्याचेच नाव टाकाऊ. उलट ‘नकुसा’ या नावात अर्थ आणि हेतू एकच होते. म्हणून तर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींचे समारंभाने नामांतर करावे लागले. नाव धर्म सांगते म्हणावे, तर मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा शिवभारतकार परमानंदालाही ठाऊक होती. त्याच शहाजीराजांच्या मुलाचा जन्म शिवनेरीवर झाला आणि गडावरच्या शिवाई देवीवरून त्याचे नाव शिवाजी पडले, असे सांगतात. एकाच घरात दोन पिढ्यांत पीर आणि देवी. व्यक्तिनामात श्रद्धा दिसते, नवस दिसतो, भीती दिसते. वंश दिसत नाही.

आणि या साऱ्या वादात अर्धा समाज धरलेलाच नाही. लग्न झाले की बाईचे आडनाव जाते. काही घरांत पहिले नावही बदलते. आडनावाने वंश मोजायचा तर दर पिढीत आईची बाजू आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत होते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक केले. मधल्या अठराशे वर्षांच्या वंशावळी एका बाजूने आंधळ्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

म्हणून ज्यांना आपल्या घराण्याचा इतिहास खरोखर लिहायचा आहे, त्यांना एक विनंती. शब्दकोश शेवटी उघडा. आधी गावची कडईपत्रके, जुने फेरफार आणि गाव नमुना १४ च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहा. त्या नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव आणि जात असते, आडनाव नसते, म्हणून आडनावाने शोधू नका, नावांच्या साखळीने शोधा. वतनाचा वाद झाला असेल तर पुण्याचे पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ गाठा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून देवक, कुलस्वामी, पूर्वीचे गाव, भावकीची टोपणनावे लिहून घ्या, आणि प्रत्येक पिढीतल्या सुनांची माहेरची नावेही लिहा. डिंभे धरणाखाली मूळचे आंबेगाव गेले, तालुक्याचे नाव तेवढे उरले. धरणग्रस्त घरांत तर ही माहिती आता सांगणाऱ्याबरोबरच जाणार आहे. मौर्य आणि कदंब कुठे पळून जात नाहीत, त्यांना नंतर भेटता येईल.

जातीचा दाखला पडताळणारी समितीसुद्धा नुसते आडनाव जुळले म्हणून मान्यता देत नाही. ती पिढ्यांची वंशावळ आणि तिला जोडलेले कागद मागते. सरकारी कचेरीला जो पुरावा अपुरा वाटतो, तो इतिहासाने पुरेसा मानू नये.